धक्क्यावरची इव्हान्थिया

लहानशा ग्रीक बेटावरच्या लिगारिया गावी धक्क्याला शिडाची नौका लागायला आली की दोर धरायला इव्हान्थिया पुढे होते, हे आता गावाच्या अंगवळणी पडलं आहे. पण ही बाई मुळात समुद्राकडची नाही. ती डोंगरातली, शेळ्यांच्या घरातली. लग्न होऊन लांबिसच्या घरी आली, तेव्हा खिडकीतून पाणी दिसतं म्हणून पहिला महिनाभर तिने पडदा उघडला नव्हता. लांबिस मासेमार. तिला होडीत बसवण्यासाठी त्याने काय काय केलं! गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर जेवला नाही. ती बधली नाही. "तू जाऊन ये, मी इथे आहे," एवढंच म्हणायची, आणि तो दिसेपर्यंत दारात उभी राहायची.

धक्क्यालगतच त्यांची छोटी खाणावळ. लांबिस मासे आणायचा, ती रांधायची. उन्हाळ्यात परदेशी नौका यायच्या. समोर नांगर टाकून मागे मागे सरकत त्या धक्क्याला पाठ लावायच्या, आणि मागच्या दोन कोपऱ्यांतून दोर फेकायच्या. ते दोर लांबिस झेलायचा. कुणी नेमलेलं नव्हतं, त्याला आवडायचं म्हणून. ती आतून तव्यावरून मान वर करून बघायची आणि पुन्हा तव्याकडे वळायची.

एका हिवाळ्यात लांबिस गेला. छातीचं दुखणं होतं, फार रेंगाळलं नाही. मुलगी रिनियो तेव्हा लग्न होऊन मोठ्या बेटावर राहायला गेलेली. इव्हान्थियाने काळे कपडे घातले, खाणावळीची दारं लावून घेतली आणि चूलही नावापुरती पेटू लागली.

वसंत संपता संपता त्या वर्षीची पहिली नौका आली. गावातले पुरुष मासेमारीला गेलेले, धक्का रिकामा. नौकेवरचा माणूस हातात दोर घेऊन हाका मारत होता आणि वारा त्याला आडवा लोटत होता. दोन हाका तिने ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या. तिसऱ्या हाकेला मात्र तिला आत बसवेना. ती गेली, दोर झेलला आणि शेळी बांधावी तसा लोखंडी कडीला बांधून टाकला. बांधला तो असा की दुसऱ्या दिवशी त्या लोकांना निघताना सुरी काढावी लागली.

त्या दुपारी मासेमारीहून परतलेल्या स्त्रातोसने ती गाठ पाहिली आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं. स्त्रातोस म्हणजे लांबिसचा जिवलग. लग्नात त्याच्या पाठीशी उभा राहिलेला, म्हणून ती त्याला भावोजी म्हणायची.

"वहिनी, बांधलीस झकास," तो म्हणाला. "आता ती नौका काही कुणाच्या मळ्यात शिरून कोबी खायची नाही."

लांबिस गेल्यापासून इव्हान्थिया पहिल्यांदा हसली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी स्त्रातोसने तिला धक्क्यावर उभं करून शिकवलं. दोर कडीतून ओवून टोक पुन्हा नौकेवर फेकायचं, म्हणजे निघताना त्यांचं त्यांना सोडवता येतं. वाऱ्याकडच्या बाजूचा दोर आधी घ्यायचा. ओढ बसली तर ताकदीने झगडायचं नाही, कडीला वेढा द्यायचा. तिला हे सगळं चटकन उमगलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला हट्टी जीव असण्याची तिला लहानपणापासून सवय होती.

त्या उन्हाळ्यात खाणावळ पुन्हा उघडली. दोर घट्ट बसल्यावर नौकेवरच्या माणसांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची, ती तिला हवीहवीशी वाटू लागली. गावातले लोक तिच्याकडे बघायचे ते विधवा म्हणून, मान जराशी कलती करून. ही अनोळखी माणसं मात्र तिच्याकडे अशी बघायची, जणू सगळं जग तिच्याच हातात आहे. पण नौकेवर पाय ठेवायला कुणी बोलावलं, तर ती हात जोडून मागे सरायची. जमिनीवरून काय वाटेल ते सांगा, म्हणायची, पाण्यावर नको.

अशी काही वर्षं गेली. मग तो सप्टेंबर आला.

उत्तरेचा वारा जोर धरत होता आणि दुपारी एक नौका आत शिरली. धक्क्यावर स्त्रातोस जाळी दुरुस्त करत बसला होता. त्याने नौकेचा झेंडा पाहिला, तुर्कांचा, आणि मान खाली घालून पुन्हा सुई चालवू लागला. त्याची आजी ग्रीक म्हणून तुर्कस्तानातल्या आयवालीहून नेसत्या वस्त्रानिशी हाकलली गेलेली. इव्हान्थिया मात्र हात पुसत धावली. सुकाणूशी एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ होता, पुढे नांगराशी त्याची बायको. दोर हवेत उडाला आणि त्या मिशाळ माणसाने ओरडून सांगितलं, "धर गो बाय, धर! सोडू नको हो!"

इव्हान्थियाच्या हातून दोर निसटता निसटता राहिला. भाषा तिचीच, ग्रीक. पण बोलणं थेट एखाद्या खेड्यातल्या म्हातारीचं.

संध्याकाळी खाणावळीत उलगडा झाला. त्याचं नाव नेजात, बायको फेरिदे, आयवालीचे राहणारे. नेजातची आजी बेहिजे ग्रीसच्या क्रीट बेटावरची. ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म बघून लोकांची अदलाबदल केली तेव्हा मुसलमान म्हणून तिला लहानपणीच जहाजात घालून तिकडे पाठवलं. तुर्की तिला शेवटपर्यंत धड आली नाही. नातवाला तिने आपल्या ग्रीकमध्येच वाढवलं, ओरडली ग्रीकमध्ये, झोपवलंही ग्रीकमध्ये. त्यामुळे हा एवढा बाप्या तोंड उघडलं की ‘अगो बाय’ म्हणायचा आणि त्यात काही चुकतं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. इव्हान्थियाने हसू दाबायला एप्रन तोंडाशी धरला. स्त्रातोस पलीकडच्या टेबलावर पाठ करून बसला होता, पण त्याचे खांदे हलताना तिने पाहिले.

दुसऱ्या दिवशी वारा आणखी वाढला. मोठ्या बेटाची बोट रद्द झाल्याची बातमी आली, आणि पाठोपाठ रिनियोच्या शेजारणीचा फोन. रिनियोला दिवस भरायला अजून अवकाश होता, पण पहाटे पाणी गेलं आणि शेजारणीने तिला इस्पितळात नेलं होतं. नवरा मालवाहू जहाजावर, कुठल्या तरी दूरच्या समुद्रात. मग रिनियो स्वतः बोलली.

"आई, तू ये," एवढंच ती म्हणाली.

इव्हान्थिया धक्क्यावर आली आणि रिनियोची बातमी तिने एका दमात सांगितली. स्त्रातोसने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाळं खाली ठेवलं. त्याची होडी लहान, वरून उघडी. त्याने खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा पाहिल्या आणि खरं ते सांगितलं, "माझी होडी पोचेल गं वहिनी. तिच्यात आपण असू की नाही, ते मला सांगता येत नाही."

नेजात आपल्या नौकेवरून ऐकत होता. तो खाली उतरला. फेरिदेशी तुर्कीत बोलला, आकाशाकडे पाहिलं, पुन्हा फेरिदेशी बोलला. तिने मान डोलावली आणि आत जाऊन पाण्यावर तरंगवणारं फुगीर जाकीट घेऊन आली.

"वारा पाठीशी आहे," नेजात म्हणाला. "शीड एवढंसं उघडू. हलेल पुष्कळ, तुला ओकारी होईल. पण बुडायची नाहीस तू. चल गो बाय, लेक वाट बघत्ये."

इव्हान्थिया नौकेच्या फळीपाशी थांबली. लांबिसने आयुष्यभर विनवलं तरी जिने पाऊल उचललं नाही, ती अनोळखी तुर्काच्या नौकेवर चढायला निघाली होती. क्षणभर तिला लांबिसची लाज वाटली. मग तिने डोळे मिटून पाऊल टाकलं आणि फेरिदेने तिचा दंड धरला.

एवढ्या वाऱ्यात दोर अडकू नये म्हणून तो सोडायला धक्क्यावर कुणी तरी हवं होतं. स्त्रातोस उठला. त्याने कडीतून दोर काढला, गुंडाळून नेजातच्या हातात दिला, आणि नौका काल आल्यापासून त्याच्याशी पहिलं वाक्य बोलला.

"माझ्या मित्राची बायको आहे. जपून न्या."

"बहीण म्हणून नेतो," नेजात म्हणाला.

त्या प्रवासाबद्दल इव्हान्थिया फारसं सांगत नाही. एक लाट मागून उचलायची, नौका घसरत खाली जायची, मग दुसरी. तिने ओकून घेतलं, देवाला हाका मारून झाल्या, मग पुन्हा ओकून घेतलं. फेरिदेला ग्रीकचा एक शब्द येत नव्हता. ती नुसती तिला कवेत धरून बसली होती आणि मधून मधून लिंबाची फोड तिच्या नाकाशी धरत होती. नेजात मात्र सुकाणू न सोडता एकसारखा बोलत होता. आजी क्रीटहून आल्यानंतर परत कधी होडीत बसली नाही. रोज संध्याकाळी आयवालीच्या धक्क्यावर यायची, समुद्राकडे तोंड करून ग्रीकमध्ये त्याला शिव्या द्यायची आणि घरी जायची. त्यातल्या दोन-तीन शिव्या त्याने म्हणून दाखवल्या. इव्हान्थियाला तशातही हसू आलं, कारण डोंगरातली तिची आजी शेळ्यांना अगदी त्याच द्यायची.

मोठ्या बेटाच्या बंदरात शिरल्यावर खरी पंचाईत पुढे आली. असल्या वाऱ्यात धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. नांगर टाकून फेरिदे पुढे साखळी सोडत होती, नेजातला सुकाणू सोडता येत नव्हतं, आणि आडवा वारा नौकेला शेजारच्या बोटीवर ढकलत होता. दोर घेऊन कुणी धक्क्यावर गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नेजातने तिला सांगितलंही नाही. तो मागे वळून बघतो तर इव्हान्थियाने वाऱ्याकडचा दोर उचललेला, कठड्याबाहेर उभी. धक्का हाताशी येताच तिने उडी टाकली. गुडघा फुटला. तशीच उठली, खुंटाला वेढा दिला, ओढ येऊ दिली, आणि नौका जागच्या जागी थबकली. दुसरा दोरही तिनेच घेतला. मग जाकिटासकट रस्त्याकडे धावत सुटली.

ती पोचली तेव्हा रिनियोला प्रसूतीच्या खोलीत नेत होते. सुईणीने आधी हे भिजलेलं ध्यान पाहून दार अडवलं, मग कोण ते कळल्यावर जाकीट उतरवून घेतलं आणि आत सोडलं. रिनियोने आईचा हात धरला तो मुलगी जन्मेपर्यंत सोडला नाही. पोर अंगाने बारीक होती पण रडली खणखणीत. रिनियोने दमलेल्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं.

"बोट तर बंद होती. तू आलीस कशी?"

"शिडाच्या नौकेतून," इव्हान्थिया म्हणाली, आणि तेव्हा कुठे फुटलेल्या गुडघ्याकडे तिचं लक्ष गेलं.

आपण त्या दोघांचे आभारही मानले नाहीत, हे तिला सकाळी आठवलं. ती मिठाई घेऊन बंदराकडे निघाली, तर ती दोघंच इस्पितळाच्या दारात उभी. आत येऊन फेरिदेने नजर लागू नये म्हणून बाळाच्या दुपट्याला निळा मणी टाचला. परिचारिकेने आपल्या गळ्यातला तसाच मणी तिला दाखवला आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. इव्हान्थियाने नेजातचे दोन्ही हात धरले आणि ते सोडेचना.

"पुरे गो बाय," नेजात म्हणाला. "दोर तू धरलास म्हणून माझी नौका शाबूत आहे."

वारा पडल्यावर ती बोटीने घरी आली. स्त्रातोसने आधी बाळ-बाळंतिणीची चौकशी केली. मग जाळ्याकडे बघत विचारलं की तो माणूस नीट निघाला ना पुढे. पुढच्या जूनमध्ये नेजात आणि फेरिदे पुन्हा आले, तेव्हा स्त्रातोस त्यांच्या टेबलावर जाऊन बसला आणि आयवालीच्या वरच्या आळीतल्या एका विहिरीची खूण सांगू लागला. आजीने सांगितलेली. विहीर आहे का अजून, एवढंच त्याला हवं होतं. नेजातने विचार करून सांगितलं की आहे, तोंडावर झाकण बसवलंय, पण शेजारचं अंजिराचं झाड फळतं. स्त्रातोसने मान हलवली आणि स्वतःच्या हाताने त्याचा पेला भरला.

रविवारी इव्हान्थिया देवळात लांबिससाठी मेणबत्ती लावते. आता शेजारी आणखी एक लावते, नेजातच्या आजीसाठी, बेहिजेसाठी. ते नाव तिने पाद्रीबाबांना सांगितलेलं नाही. उगाच त्यांना कोड्यात कशाला टाका, असं तिला वाटतं. ती म्हातारी आपली भाषा विसरली असती, तर त्या सकाळी आपलं कसं झालं असतं, हा विचार तिच्या मनातून जात नाही.

समुद्राची भीती काही गेलेली नाही. नातीकडे जाताना ती मोठ्या बोटीच्या अगदी मधल्या बाकावर बसते आणि बंदर येईपर्यंत खिडकीकडे बघत नाही. पण जाते, महिन्यातून एकदा तरी, आणि पिशवीत लिंबू ठेवते.