ट्रॅक्टरचं चाक आणि दुसरा माणूस

भांडुपमध्ये डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला भाऊ धुरींचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, बाहेर कॉम्प्रेसर आणि दारात एकावर एक रचलेले टायर. स्कूटर, रिक्षा, टेंपो, सगळ्यांची पंक्चरं भाऊ काढतात. पण त्यांचं नाव झालं ते ट्रॅक्टरमुळे. वरच्या वस्त्यांना पाणी पोचवणारे टँकर ट्रॅक्टर ओढतात. त्या ट्रॅक्टरचं मागचं चाक उभं केलं तर माणसाच्या छातीला लागतं आणि आडवं पडलं तर चार जणांना घाम फोडतं. ते उतरवून, दुरुस्त करून पुन्हा एकट्यानं चढवणारा माणूस या भागात एकच, असं लोक म्हणतात. लोक असं म्हणतात, कारण भाऊंनीच त्यांना ते सांगितलेलं आहे.

भाऊ अंगानं काटकुळे, त्यामुळे गोष्ट आणखी रंगते. चाक चढवताना ते बघ्यांना लांब उभं करतात. सटकलं तर कुणाचा पाय जायला नको, म्हणतात. लांबून दिसतं ते एवढंच, की भाऊ चाकाला भिडतात, "हुं" असा आवाज येतो आणि चाक जागेवर बसतं. चाकाखाली सरकवलेली पहार कुणाला दिसत नाही. पहारेखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या टोकावर पाय दिला, की ते धूड बोटभर वर येतं आणि मग नुसत्या हाताच्या पंज्यानं फिरतं. उचलायचा प्रश्नच येत नाही. "हुं" तेवढा बघ्यांसाठी.

हे गुपित भाऊंनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं, आणि तिथंच ते अडकले.

गेल्या वर्षी भाऊंच्या पाठीत उसण भरली. दोघांनी धरून रिक्षात घालावं लागलं. खरी हकीकत अशी, की एका स्कूटरचा नट घरंगळला, तो उचलायला भाऊ वाकले आणि वाकलेलेच राहिले. पण रिक्षा घरी पोचेपर्यंत त्यांना विचार करायला वेळ मिळाला. ट्रॅक्टरची चाकं उचलणारा माणूस एका नटानं आडवा केला, हे वस्तीत कळलं असतं तर राहिलं काय? म्हणून बायकोनं, जानकीवहिनींनी, विचारल्यावर ते कण्हत म्हणाले, "चाक जरा जड होता."

तेवढ्यानं वाट लागली. मुलानं, सुशांतनं, दुकान बंद करायचंच ठरवलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा भाड्यानं घ्यायला टपलेलाच होता. घरी बसणं म्हणजे काय, हे भाऊंनी चाळीतल्या इतरांचं पाहिलं होतं. ते लोक गॅलरीत बसून कबुतरं हाकलत आणि जेवायला कधी बोलावतात याची वाट बघत. शेवटी वहिनींनीच तोड काढली. दुकान चालू राहू दे, पण ट्रॅक्टरचं चाक चढवायला दुसरा माणूस हवा. एकट्यानं चढवलेलं कळलं, की दुकानाला कुलूप.

दुसरा माणूस म्हणजे पहार जवळून बघणारा माणूस. भाऊंनी फार विचार करून नानांना निवडलं. नाना वैद्य म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज खणखणीत आणि हात कायम रिकामे. भाऊंनी त्यांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, की गाड्या सांभाळणं हे सगळ्यात जोखमीचं काम. नाना खूश. ते रिक्षांना थांबवत, टेंपोंना वाट देत, आणि त्यांच्या पाठीमागे भाऊ निवांत पहारेवर पाय देत. काम झालं की भाऊ थोडं काळं ग्रीस नानांच्या हातांना चोळत. घरी जाताना नानांनी वहिनींच्या दारावरून जायचं आणि पाणी मागायचं, असं ठरलेलं होतं.

नाना पाणी मागत राहिले, वहिनी ग्रीस बघत राहिल्या, सगळं झकास चाललं होतं. पण रोज ग्रीस धुता धुता नानांना हळूहळू वाटायला लागलं, की आपण खरंच चाकं चढवतो. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर ते दंड दाखवू लागले. आणि एके दिवशी वहिनींच्या दारात पाण्याचा पेला रिकामा करून ते म्हणाले, "वहिनी, भाऊंचं आता वय झालंय हो. खरं वजन मीच घेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन स्वतः दुकानात आल्या. दारात ट्रॅक्टर जॅकवर उभा होता, चाक दुरुस्त होऊन बाजूला टेकवलेलं होतं. डबा देऊन त्या गेल्या नाहीत. स्टुलावर बसल्या.

"चढवा दोगांनी. मी बगतंय."

नानांनी बाह्या सरसावल्या. भाऊ त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "नाना, नुसता हात ठेवा. जोर लावू नका." नानांना ते लागलं. वहिनींसमोर नुसता हात? भाऊ पहार घ्यायला वळले तेवढ्यात नानांनी चाकाला खांदा दिला. चाक सरळ झालं, क्षणभर थांबलं आणि उताराला लागलं.

मागे नाना. उभा जन्म चाकांवर काढलेला तो माणूस पहिल्यांदाच एका चाकामागे धावत होता. पण सवय जात नाही. "थांबवून धरा, मागे घ्या, मागे घ्या," असं ते समोरच्या रिक्षांना ओरडून सांगत होते, आणि रिक्षावालेही मुकाट ऐकत होते. पुढे एका इमारतीच्या बांधकामाची वाळू पडली होती. चाक तिच्यात घुसलं आणि आडवं झालं. कुणाला काही लागलं नाही. सावलीतलं एक कुत्रं तेवढं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

वहिनींनी पिशवीतून फोन काढला. "सुशांतक सांगतंय. पुरे झाला आता."

भाऊंना आपल्या पत्र्याच्या भिंतीवर मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसायला लागली. ते म्हणाले, फोन कर, पण चाक वर आणू दे आणि एकदा बघ, मग कर. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांनी चाक ढकलत आणून दिलं. त्यांना भाऊंनी नेहमीसारखं लांब उभं केलं. धापा टाकणाऱ्या नानांना भाऊंनी मोठ्या मानानं पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, ते चाक चढवताना कुणाला तरी म्हणाले, "अशी लांब नको. हंय ये."

त्यांनी पहार सरकवली. ठोकळा ठेवला. पायानं दाबलं. चाक बोटभर उचललं गेलं, भाऊंनी ते पंज्यानं जरासं फिरवलं, भोकं बोल्टांसमोर आली आणि चाक आत सरकलं. आवाज कसलाच झाला नाही. भाऊ नट आवळेपर्यंत वहिनी पहारेकडे बघत होत्या.

"ह्या येवढाच?"

"येवढाच."

"मगे पाठ कशान गेली?"

नाना ऐकत नाहीत ना, हे भाऊंनी मान वळवून बघून घेतलं. "नट उचलूक वाकलंय."

वहिनी म्हणाल्या, "आणि इतकी वर्षां ट्रॅक्टर इलो की रात्री मी तुमच्या पाठीक तेल चोळी होतंय, तां कित्याक?"

तेल चांगलं होतं, एवढंच भाऊ पुटपुटले.

फोन पिशवीत परत गेला. दुकान चालू ठेवा, चाकं एकट्यानंच चढवा, आणि नाना आसपास असताना तर चढवूच नका, असा निकाल देऊन वहिनी उठल्या. चाळीत कुणाला सांगू नकोस, असं भाऊंनी विनवलं. बघते, म्हणाल्या.

पुढच्या रविवारी वहिनींनी माळ्यावरच्या गाद्या उन्हाला काढल्या. पाठीच्या निमित्तानं भाऊंनी वर्षानुवर्षं टाळलेलं ते काम. एक गादी डोक्यावर घेऊन भाऊ गच्चीचा जिना चढत होते, तेव्हा शेजारच्या पद्मजाताईंनी काळजीनं विचारलं, अहो, तुमच्या पाठीला झेपेल का हे?

भाऊंनी मोठ्या आशेनं तोंड उघडलं. पण त्याआधीच खालून वहिनींचा आवाज आला.

"जाऊ दे गो पद्मजा. ट्रॅक्टरची चाकां एकटो उचलणारो माणूस तो. गादीन त्येका काय होता?"

खाली अजून चार गाद्या होत्या.