किसनचं गाणं, हॅन्सेलचा घोडा

किसन आखातातल्या हमद टाउनमध्ये एसी दुरुस्त करतो. मूळचा परभणीकडचा. जयंतीच्या मंचावर तो गायला उभा राहिला की मागच्या खुर्च्यांवरची कुजबुजही थांबते. गाणी तो स्वतः रचतो आणि आपल्या शाहिरांच्या रीतीने शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो: 'किसन सांगे'.

वसईचा हॅन्सेल हॉटेलात रिसेप्शनवर असतो. उंच, गोरा, घोड्यावर बसता येणारा. सुट्टीच्या शुक्रवारी वाळवंटात गाणाऱ्या काउबॉयचा मराठी सिनेमा करायचं त्याने मनावर घेतलं. पिस्तुलं प्लास्टिकची. घोडा एकच, नायक उतरला की खलनायक चढायचा. हॅन्सेलचा गळा मात्र फाटक्या भोंग्यासारखा. म्हणून तो किसनकडे आला.

"किसनभाऊ, आवाज तुमचा, चेहरा माझा."

"चेहरा मलाही आहे की."

"आहे ना. पण घोड्याला विचारावं लागेल."

सगळे हसले. किसनही हसला, पण ते हसू त्याला दिवसभर टोचत राहिलं.

चित्रीकरणात तो गाडीजवळ उभा राहून स्पीकरवर आपलंच गाणं लावायचा. समोर कलत्या उन्हात हॅन्सेल घोड्यावर. ओठ त्याचे हलायचे आणि दम याला लागायचा. घरी येऊन तो बायकोला, पुष्पलताला, म्हणाला, "शेवटच्या कडव्यात माझं नाव आहे. त्याच्याच तोंडून वदवतो. मग कळेल सगळ्यांना गाणं कुणाचं ते."

"कळू द्या बाई एकदाचं," ती म्हणाली. "जेवण तरी गोड लागेल तुम्हाला."

शहरातल्या नईम भागात एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. पडद्यावर हॅन्सेलने टोपी छातीशी धरली आणि सूर आला, 'किसन सांगे'. टाळ्या पडल्या. पोरं 'किसन, किसन' ओरडू लागली. किसन शर्ट नीट करून उभा राहिला.

पोरं त्याच्या शेजारून पुढे हॅन्सेलकडे धावली. सिनेमात काउबॉयला दुसरं नाव नव्हतंच. त्यांनी गाण्यातलं उचललं.

"किसन अंकल, फोटो."

"अरे, खरे किसन ते," हॅन्सेल किसनकडे हात दाखवत म्हणाला. पोरांना ती गंमत वाटली.

तेव्हा किसनने भर हॉलमध्ये, वाद्याशिवाय, तेच कडवं उचललं. सूर असा लागला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. हॅन्सेलने मान खाली घातली.

हॅन्सेलचा हात धरून उभी असलेली एक मुलगी शेवटपर्यंत मन लावून ऐकत होती. मग वर बघून इंग्रजीत म्हणाली, "अंकल, हा माणूस अगदी तुमच्यासारखा गातो."