सायकलींच्या खोपटातलं मटण

बायनिरला बोट लागते. आमच्या फेरो बेटांवर जन्मलेल्या माणसाने ही गोष्ट चारचौघांत सांगू नये. तो पहिल्याच भेटीत सांगतो.

त्याचे वडील हानुस स्कोपुन गावचे, मासेमारी बोटीचे कप्तान. सोळाव्या वर्षी बायनिर त्यांच्या बोटीवर गेला आणि बंदर दिसेनासं व्हायच्या आत ओकायला लागला. परत येईपर्यंत ओकतच राहिला. मग त्याने ठरवलं, आपण मास्तर व्हायचं. लहान पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढायची, हे एक कारण. शाळा जमिनीवर असते, हे दुसरं. आमची राजधानी तोर्शहावन, तिथल्या कॉलेजात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो कोपनहेगनला आला. निघताना वडील एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर बोटीवर तुझी जागा आहे." त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. बायनिरची मात्र झोप उडाली.

मीही त्याच बेटांवरची, क्लाक्सविकची, साहित्य शिकायला आलेली. कोपनहेगनच्या नोरेब्रो भागातल्या एका वसतिगृहात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. बारा खोल्या, एक स्वयंपाकघर. आम्ही दोघं सोडून सगळे डॅनिश.

पहिल्याच आठवड्यात बायनिर एकेका खोलीत दार न वाजवता शिरला. आमच्याकडे दार वाजवतो तो परका. बाकीचे सरळ आत येऊन बसतात. किर्स्टिनच्या खोलीत तो शिरला तेव्हा ती नुकती आंघोळ करून आली होती. किर्स्टिन कायदा शिकायची आणि आमच्या मजल्याची प्रमुख होती. तिने त्याला चप्पल फेकून मारली. त्याने ती उचलली, दारापाशी नीट ठेवली आणि विचारलं, "कॉफी आहे का?"

त्यानंतर सगळ्या दारांना आतून कड्या लागल्या. माझं दार सोडून.

त्या हिवाळ्यात मी काही दिवस अंथरुणातून उठलेच नाही. आजारी नव्हते. उठायचं कशासाठी ते आठवत नव्हतं. बायनिर आत आला. खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून बसला आणि सफरचंद खायला लागला.

"बाहेर अंधार आहे," तो म्हणाला.

"इथेही आहे."

"मग चल, बटाटे उकडू."

मी उठले. त्याने दार वाजवलं असतं तर मी उघडलं नसतं. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, बटाटे कच्चे राहिले होते. ते खरंच राहिले होते.

त्याचं सगळंच असं असायचं. कोणीतरी फुकट देऊ केलेला सोफा आणायला त्याने पुढे खोकं असलेली सायकल मागून आणली. सोफा खोक्यात बसला. बायनिरला पुढचं दिसेना. मी सोफ्यावर बसून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. तलावाच्या पुलावर साखळी तुटली. आम्ही सोफा फूटपाथवर उतरवला, त्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं आणि तो तिथेच सोडून आलो. ईस्टरला तो घरी जायला निघाला, खोली आठवडाभरासाठी एका इटालियन मुलाला देऊन. विमान आमच्याकडच्या वागारच्या विमानतळावर धुक्यात घिरट्या घालत राहिलं आणि त्याला घेऊन कोपनहेगनला परत आलं. इटालियन मुलगा त्याच्या पलंगावर झोपला होता. बायनिर माझ्या खोलीत जमिनीवर झोपला आणि त्या मुलाला सकाळी अंडी करून घातली.

यातल्या कशाचं त्याला फार वाटलं नाही. वाटायचं ते एकाच गोष्टीचं.

निसर्ग आणि तंत्र हा विषय शाळेत शिकवायचा, तर त्याची तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. आपण आखलेला एखादा पाठ आधी लिहून द्यायचा, मग आत जाऊन त्यावर बोलायचं. समोर एक आपले शिक्षक, एक बाहेरचे परीक्षक. बायनिर दोनदा गेला. दोन्ही वेळा पुस्तकातून उचललेला चुंबकाचा पाठ दिला. दोन्ही वेळा त्याची वाचा बसली.

"काहीच नाही बोललास?" मी विचारलं होतं.

"पाणी हवं का म्हणून विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो."

"मग?"

"मग पाणी प्यायलो. वेळ संपली."

नियमाने तीनच संधी मिळतात. तिसरी जानेवारीत होती. त्यातही नापास झाला तर कॉलेज संपलं, आणि मग वडिलांची बोट.

उपाय मी काढला. डिसेंबरात आपल्या मजल्याला जेवायला बोलवू. पोटभर खाऊ घालू, मग सगळ्यांना समोर बसवू आणि तुला प्रश्न विचारायला लावू. पोट भरलेला माणूस प्रेमाने विचारतो. बायनिरला पटलं. जेवायला काय, हे विचारायची गरजच नव्हती. ऑक्टोबरात घरी मेंढ्या कापतात. सुट्टीत तो गेला आणि येताना बॅगेत मेंढीच्या दोन टांगा घेऊन आला.

आमच्याकडे घरामागे फटीफटींच्या फळ्यांचं एक खोपट असतं. त्यात मटण टांगतात. फटींमधून समुद्राचा वारा खेळतो आणि मटण हळूहळू आंबत, सुकत जातं. नाताळच्या सुमारास ते सूपात घालण्याजोगं होतं. वसतिगृहाच्या अंगणात सायकली ठेवायची शेड होती. लाकडी, फटीफटींच्या फळ्यांची. बायनिर तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मार्युन, हे बघ. यांच्याकडे आहे की."

मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही दोघांनी मिळून टांगा अगदी आत, वरच्या तुळईला टांगल्या.

त्या वर्षी कोपनहेगनमध्ये थंडी पडेचना. लोक स्वेटर काढून तळ्याकाठी बसायचे. आठवड्याभरात वास सुटला. स्वयंपाकघरात चर्चा सुरू झाली. आधी सगळ्यांनी फ्रिज धुतला. मग मोरीत काय काय ओतलं. मग आस्गरच्या हँडबॉलच्या बुटांवर संशय गेला. आस्गर गरीब स्वभावाचा. त्याने बूट फेकून नवे आणले.

"तुम्हाला दोघांना येत नाही वास?" किर्स्टिनने विचारलं.

"कसला?" बायनिर म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. आम्हाला वास येत होता, पण तो तक्रार करण्यासारखा वाटत नव्हता. तो ऑक्टोबरचा वास होता. मी तर सायकल लावल्यावर उगाच मिनिटभर तिथे थांबायचे. क्लाक्सविकमधलं आमचं अंगण आठवायचं. इतकं बरं मला त्या शहरात कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी आस्गरने सायकल बाहेर काढली आणि सीटवर काहीतरी वळवळताना पाहिलं. मग त्याने वर पाहिलं.

त्याच संध्याकाळी मजल्याची बैठक बसली. डॅनिश लोक भांडायच्या आधी केक कापतात. केक कापला गेला. दालचिनीचा होता. किर्स्टिन टेबलाच्या टोकाला बसली. बायनिर दुसऱ्या टोकाला. मी त्याच्या शेजारी. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. परीक्षेच्या आधी उठायचे तसेच.

"पहिला मुद्दा," किर्स्टिन म्हणाली. "शेडमध्ये प्रेताचे तुकडे टांगलेले आहेत."

"मेंढीचे," बायनिर म्हणाला.

"मेंढीचं का होईना, प्रेतच ना? मला फक्त कळू दे, बायनिर. नेमका काय विचार होता तुझा?"

तो केककडे बघत राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात किर्स्टिनने हात वर केला. "त्याला विचारलंय."

आस्गरने केकचा तुकडा बायनिरपुढे सरकवला. कदाचित त्याला दया आली असेल. "मीठ लावायला विसरलास का रे?" त्याने विचारलं. "माझी आजी मासे खारवायची. मीठ भरपूर लागतं."

बायनिरने मान वर केली. कोणी चुकीचं बोललं की त्याला राहवत नाही.

"मीठ लावायचं नसतं," तो म्हणाला. "मीठ समुद्र लावतो."

"म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. फळ्यांच्या फटी बोटाएवढ्या का असतात. खोपट गावात कुठे बांधतात आणि कुठे बांधलं तर लोक हसतात. हवा गरम झाली की माशी येते, फार थंड झाली की मटण आंबतच नाही, आणि चांगलं वर्ष म्हणजे या दोहोंच्या मधली अरुंद वाट. इथल्या वाऱ्यात काहीच नाही, तो नुसताच वाहतो, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही. वास येतो तेव्हा मटणात काय चाललेलं असतं. लोक विचारत होते, तो सांगत होता. मध्येच उठून त्याने केकच्या डब्याचं झाकण आडवं धरलं आणि वारा कुठून शिरतो ते दाखवलं. मी थक्क होऊन बघत राहिले. दीड वर्षात मी त्याची इतकी वाक्यं एका दमात ऐकली नव्हती.

"घाण आहे हे सगळं," शेवटी किर्स्टिन म्हणाली. "उद्या ते काढ, शेड धू आणि आस्गरला बुटांचे पैसे दे."

"बुटांचं राहू दे," आस्गर म्हणाला. "ते तसेही वास मारत होते."

"आणि ती तुझी परीक्षा कशावर आहे?" किर्स्टिनने विचारलं.

"मुलांना निसर्ग कसा शिकवायचा त्यावर."

"मग हे का नाही सांगत तिथे?"

"तिथे हे कोण विचारणार? कुजलेलं मटण?"

"आम्ही विचारलंच ना," किर्स्टिन म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. तो भांडी घासण्याच्या पाळ्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही टांगा काळ्या पिशवीत भरल्या. बायनिरने शेड धुतली. जेवणाचा बेत तिथेच बारगळला. चुंबकाचा पाठ त्याने टाकून दिला आणि नवा लिहिला. एकच मटण, दोन शेड, एक स्कोपुनची, एक नोरेब्रोची. मुलांनी दोन्ही बघायच्या आणि सांगायचं, एकीत जेवण का झालं आणि दुसरीत किडे का. त्याने तो मला वाचून दाखवला. मी भाषा सुधारायला घेतली आणि थोड्या वेळाने पेन खाली ठेवलं. सुधारला की तो त्याचा राहत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही कॉलेजच्या बोळात उभे राहिलो. परीक्षा देणाऱ्याची माणसं दाराबाहेर थांबतात, हातात छोटे झेंडे आणि एक बाटली घेऊन. किर्स्टिनने डॅनिश झेंडा आणला होता, मी आमचा. आस्गरकडे बाटली होती. त्या कॉलेजची दारं पातळ आहेत. आतलं ऐकू येतं.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

"बोलत नाहीये तो," आस्गर कुजबुजला.

"गप्प बस."

"पाणी ओतल्याचा आवाज आला."

किर्स्टिनने डोळे मिटले. मी झेंड्याची काडी इतकी घट्ट धरली की ती मोडली. मग एका वयस्क बाईचा आवाज आला. वाक्य कळलं नाही. शेवटी प्रश्नाचा सूर होता. पुन्हा शांतता. आणि मग बायनिर बोलायला लागला. हळू, अडखळत. मग थांबेना. परीक्षकांनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हाही तो वाक्याच्या मध्यावर होता.

तो बाहेर आला. गुण ठरेपर्यंत बाहेर थांबायचं असतं.

"अर्धा वेळ गेला गप्प बसण्यात," तो आपणहून म्हणाला. "मग त्या बाईंनी विचारलं, अहो पण सायकलींच्या शेडमध्ये का? मग सांगितलं. पुस्तकातलं राहूनच गेलं सगळं."

त्याला आत बोलावलं. दार बंद झालं. दार उघडलं.

"दोन," तो म्हणाला.

सगळ्यात वरचा गुण बारा. पास व्हायला लागतो तो सगळ्यात खालचा गुण दोन. मला तोवर चारदा बारा मिळाले होते. एकदाही मी कोणाला उचलून घेतलं नव्हतं. बायनिरने किर्स्टिनला उचललं, आणि जिने चप्पल फेकून मारली होती ती किर्स्टिन खाली ठेव म्हणाली नाही. आस्गरने बाटली उघडली. अर्धी जमिनीवर सांडली. मी भिंतीला टेकून मोडका झेंडा हलवत होते आणि मला नीट दिसत नव्हतं.

मग त्याने वडिलांना फोन लावला. बोट बंदरात होती. फोनवर हानुस मोठ्याने बोलतात. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, झालो पास."

"किती पडले?"

"सगळ्यात कमी."

"पण पास."

"पास. तेव्हा बोटीवरची माझी जागा आता दुसऱ्या कोणाला देऊन टाका."

"ती दिली मी."

"कधी?"

"ऑक्टोबरात. तू मटण घेऊन गेलास त्याच आठवड्यात. नोलसोयचा एक मुलगा आहे. कामाला चांगला आहे."

बायनिरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, आणि मी नापास झालो असतो तर?"

"तर घरी येऊन जेवला असतास," हानुस म्हणाले. "दुसरं काय."