विचारलं तेवढंच बोल

सव्वा महिना होऊन गेला. सकाळी दूध तापत होतं आणि शांतवनदादा दारात येऊन उभे राहिले. आमच्या गल्लीतल्या एस्तेर सिस्टरचे ते मालक. म्हणाले, "आक्का, एस्तेर प्रभूमध्ये झोपी गेली." मी गॅस बारीक करत म्हटलं, "झोपू दे की मग. चार दिस झाले डोळ्याला डोळा न्हाय तिच्या. मी दुपारी येते." ते तसेच उभे. हलेनात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला… दूध उतू गेलं ते गेलंच. वीस वर्षं शेजार केला, पण या माणसांची भाषा मला शेवटपर्यंत नीट कळली नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "रविवारी स्मरणसभा हाय. तुमी साक्ष द्यायची. तिनंच सांगून ठेवलंय."

साक्ष! या एका शब्दापायी आम्ही दोघी हसलो, भांडलो, वर्षभर तोंड फिरवून बसलो. मी कोर्टाच्या गेटजवळ लिंबाखाली टायपिंग करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं. 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' हे वाक्य मी जितक्यांदा बडवलंय तितक्यांदा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. एस्तेर दवाखान्यात नर्स. ड्यूटी सुटली की माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन बसायची, डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासाठी राखून. मी तोंडाळ, नाकावर राग. ती हळू बोलणारी, पण हट्टाला पेटली की देवाच्या बापाला ऐकायची नाही. एकदा म्हणाली, "आक्का, रविवारी मला साक्ष द्यायचीय." मी म्हटलं, "येडी का खुळी तू? रविवारी कोर्ट बंद असतंय." ती इतकी हसली की ठसका लागला. मग सांगितलं, चर्चमध्ये उभं राहून आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते बोलायचं, त्याला साक्ष म्हणतात. मी विचारलं, "आणि उलटतपासणी कोण घेतंय?" "कुणीच नाही." "मग कसली गं ती साक्ष!"

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. त्यानंतर दोन वर्षांनी तिचा एकुलता एक दानिएल गेला. आम्ही सगळे त्याला दान्याच म्हणायचो. एका रविवारी उचगावला आजीला भेटून आईला स्कूटरवर मागं बसवून येत होता. समोरून टेम्पो आला. एस्तेरचा हात मोडला, पोरगं जागेवर गेलं. टेम्पोवाल्यावर केस झाली आणि ती एकटीच बघणारी, म्हणून तिची साक्ष. या खेपेला खरीखुरी, कोर्टातली. तारखेच्या आदल्या दिवशी ती स्टुलावर बसून राहिली होती. मग एकदम म्हणाली, "आक्का, आम्ही उलट्या बाजूनं येत होतो. पुढं जाऊन वळायला वेळ लागला असता. मीच त्याला म्हटलं, चर्चमधली उपासना चुकेल, इकडनंच घे."

माझे हात मशिनवर थांबले. पण मी कोर्टाच्या दारात म्हातारी व्हायला लागलेली बाई. मी तिला काय सांगितलं असेल? "ह्यातलं एक अक्षर आत काढायचं न्हाय. टेम्पो जोरात आला का? आला. तेवढंच. विचारलं तेवढंच बोल, बाकीचं गीळ." तिनं मान हलवली. मला वाटलं, कळलं हिला.

दुसऱ्या दिवशी मी काम टाकून आत जाऊन मागं उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, तिनं सांगितलं. समोरच्या वकिलानं चार प्रश्न विचारले, त्यात बाजूचा विषयच नव्हता. सुटलो, म्हटलं. ती पिंजऱ्यातून उतरायला निघाली, पायरीवर थांबली आणि न विचारता बोलली, "साहेब, गाडी आमची उलट्या बाजूला होती. मुलाला मी सांगितलं होतं तिकडून घ्यायला. ह्या माणसाची चूक नाही." टेम्पोवाला खाली बसून लहान लेकरागत रडायला लागला. शांतवनदादा उठून निघून गेले. मला काय झालं कुणास ठाऊक, अंगाचा नुसता तिळपापड. मी बाहेर येऊन मशिनपुढं बसले. थोड्या वेळानं ती आली, नेहमीसारखी स्टुलाकडं वळली… आणि मी कागदांचा गठ्ठा उचलून त्या स्टुलावर ठेवला. ती तशीच मागं फिरली. मोडका हात दुसऱ्या हातानं धरून स्टँडकडं चालत गेली.

टेम्पोवाला सुटला. दादांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात दोन माणसं, आणि निरोप मांजराला सांगितल्यागत भिंतीकडं बघून. मीही वर्षभर बोलले नाही. मग एक दिवस तीच दारात आली. "रविवारी साक्ष हाय माझी. येशील?" माझ्याच बोलीत बोलली, त्यानं विरघळले असेन. गेले. मागच्या बाकावर बसले. ती पुढं उभी राहून म्हणाली, "ज्या दिवशी मी कोर्टात खरं बोलले, त्या दिवशी प्रभूनं मला विजय दिला. मी जिंकले." लोक "आमेन" म्हणाले. दादा मान खाली घालून बसलेले. माझं डोकं फिरलं. बाहेर गेटजवळच तिला धरलं. "काय जिंकलीस ते दाव की मला! पोरगं गेलं, केस गेली, नवरा बोलंना. जिंकलेलं कुठं हाय ह्यात?"

ती म्हणाली, "प्रार्थनेला डोळे मिटले की माझाच आवाज ऐकू यायचा, 'इकडनंच घे.' देवाशी बोलताच येत नव्हतं. आता डोळे मिटले की दान्या दिसतो. हसताना." मी म्हटलं, "बास? एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच. आणि ते माझ्या ताकदीनं झालेलं नाही, आक्का." मला पटलं नाही. आज पटलंय का? खरं सांगू, तेही कळत नाही. कारण हीच बाई दान्याच्या वाढदिवसाला मोरीत भांडी आपटत रडताना मी बघितलीय. तेव्हाही टोचलंच होतं मी, "जिंकलेली माणसं अशी रडत्यात व्हय?" पदरानं नाक पुसत म्हणाली, "जिंकल्यावर दमायला होतंच की."

दादा पुढं तीनेक वर्षांनी बोलायला लागले, कशानं ते दोघांनी कधी सांगितलं नाही. एके दिवशी भिंतीऐवजी तिच्याकडं बघून "चहा टाक" म्हणाले, बस्स. मग तिचं दुखणं आलं. शेवटच्या भेटीत तिला उठवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "माझ्यामागं तू साक्ष दे." मी म्हटलं, "मी काय बोलणार? मला तुझ्या देवातलं काय कळतंय!" ती हसली. "तुला कुणी काही विचारणार नाही, तरी बोल."

स्मरणसभेत उभी राहिले. ती चांगली होती, प्रेमळ होती, असं घोकून गेले होते. तोंडातून आलं भलतंच. "हिला कोर्टात खरं गिळायला मी शिकवलं होतं. ती खरं बोलून बाहेर आली, तर मी तिला बसायला जागासुद्धा दिली न्हाय." पुढच्या बाकावर शांतवनदादांनी तोंडावर रुमाल धरला. मी खाली बसले. उलटतपासणी कुणी घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

स्टूल अजून तिथंच आहे. परवा एक बाई त्यावर येऊन टेकली. जावेच्या केसमधली साक्षीदार. "आक्का, आत काय बोलू?" इतक्या वर्षांचं वाक्य जिभेवर आलं, विचारलं तेवढंच… आणि तिथंच अडकलं. "जे झालंय ते सांग," म्हटलं. तिनं विचारलं, "त्यानं जिंकंन व्हय मी?"

"न्हाय ठाऊक बाई," मी म्हटलं. "पण बाहेर आलीस की हितं येऊन बस."