सात नंबरची कविता

वर्दी उतरवून फार दिवस झाले नाहीत. खुनाचे, दरोड्यांचे तपास आताच विसरायला लागलोय. पण बटणं लावलेली एक लाकडी पेटी काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सोलापूरच्या ठाण्यात असताना तिथं एका राष्ट्रीय ग्रंथालयाचं फिरतं प्रदर्शन आलं होतं. कविता पुस्तकातून काढून लोकांच्या कानावर घालायची, असा त्यांचा बेत. गावोगावच्या अनोळखी कवींचे आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते. सभागृहात पाच पेट्या मांडलेल्या. नंबर दाबून रिसिव्हर कानाला लावला की कवी स्वतः आपली कविता म्हणायचा. प्रत्येक कवितेचं रजिस्टरात वेगळं पान होतं. ऐकणाऱ्यानं तिथं नाव, गाव लिहायचं. पुढं ती पानं त्या कवीला पाठवत, आपल्याला कुणी ऐकलं ते त्याला कळावं म्हणून.

शेवटच्या दिवशी दुपारी एक पेटी गेली. ग्रंथपाल बाई तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आल्या, तेव्हा माझा हवालदार म्हणाला, "साहेब, आता कवितेच्या मागंबी पळायचं व्हय?" मीही हसलो. कवितेचं आणि माझं शाळेतच फाटलं होतं.

बातमी मिळाली ती समोरच्या चहावाल्याकडून. "एक म्हातारा रोज येतोय, साहेब. जाताना माझ्याकडं च्या घेतो. आज टावेलात कायतर गुंडाळून तसाच गेला. च्या न्हाई, बोलणं न्हाई." माणसाची रोजची सवय मोडली की त्यामागं काहीतरी असतं, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

रजिस्टर मागवलं. सात नंबरच्या पानावर एकच सही रोज होती, काही दिवशी तर तीन-तीनदा. गाव कुंभारी. तासाभरात म्हातारा आणि पेटी, दोन्ही माझ्या टेबलापुढं.

आयुष्यभर यंत्रमागावर राबलेला, तेलुगू घरातला विणकर. काही विचारलं की टॉवेलाचं टोक पिळायचा. शेवटी मी आवाज चढवला. "भंगारात घालणार होतास काय?"

"न्हाई, साहेब." त्यानं पेटीवर हात ठेवला. "पण घरी नेल्यापासनं बोलंना झालीय ती."

"कोण?"

"माझी पोरगी."

मग सगळं बाहेर पडलं. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं. यानं दार लावलं ते लावलंच, पुढं घर बदललं तेही तिला कळवलं नाही. नऊ वर्षं झाली. कुणीतरी सांगितलं, तुझ्या पोरीचा आवाज प्रदर्शनात आहे. तो ऐकायला गेला आणि रोज जातच राहिला. उद्या सामान दुसऱ्या जिल्ह्यात जाणार म्हटल्यावर त्यानं पेटी उचलली. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की आवाज पेटीत नसतो, तो बाईंच्या टेबलावरच्या संगणकातून येतो.

बाईंना संगणक घेऊन बोलावलं. त्यांनी संगणक उघडून सात नंबर लावला. ठाण्यात एका बाईचा शांत आवाज घुमला: *माग थांबला की बाप बोलेल, म्हणून मी रोज माग थांबायची वाट पाहिली.* म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. हवालदार उगाचच फाइल चाळत राहिला.

बाईंनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं. म्हातारा मात्र हात जोडून म्हणाला, "साहेब, त्ये रजिस्टरचं पान फाडा. ती म्हणंल, आता रडतोय व्हय म्हातारा."

"पान फाडलं तर मीच आत जाईन की," मी म्हटलं. रजिस्टर बाईंच्या हातात दिलं आणि सात नंबरच्या पानाला एक कागद टाचला: वडिलांचा पत्ता ठाण्यात मिळेल.

तीन महिन्यांनी एक बाई ठाण्यात आली. हातात त्या पानाची झेरॉक्स. सह्यांवर बोट फिरवून तिनं विचारलं, "पत्ता ठाण्यात कसा?"

"तुमचे वडील हरवलेली वस्तू परत करायला आले होते," मी म्हणालो. वर्दीत असताना असं सरळ खोटं क्वचितच बोललो असेन.

जीपमधून मीच तिला कुंभारीला नेलं. म्हातारा उंबऱ्याशी बसला होता. ती अंगणात थांबली. मला वाटलं, गेलं सगळं फुकट. मग तो भिंतीला धरून उठला.

"रा, अम्मा," तो तेलुगूत म्हणाला. नंतर माझ्याकडं बघून मराठीत, जणू मला समजावं म्हणून, "ये म्हणलं तिला. आत ये की."

मी जीपमध्ये येऊन बसलो. या तपासानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझा थोरला भाऊ माझ्याशी असाच अबोला असताना वारला. त्याच्या आवाजाची कुठं एक ओळ नाही, नाहीतर मीही रोज सही करून आलो असतो. तो अक्कलकोटला राहायचा. माझी जीप महिन्यातून दोनदा त्याच्या दारावरून जायची.