काव्या रोज पाल पिते

माजिदाबाईंच्या पायाला भिंगरी आहे. सकाळी अर्धा चहा तसाच ठेवून त्या जिना उतरतात. नवरा पीरसाब वरून ओरडतो, "अगे, चाय तो पूरी पी के जा!" तोवर बाई शुक्रवार पेठेचा कोपरा ओलांडून शाळेच्या वाटेला लागलेल्या असतात. वर्गात खुर्ची आहे, पण तिच्यावर फक्त त्यांची पर्स बसते.

दुसरीच्या मुलांना शब्द शिकवायची त्यांची रीत साधी. बाईंनी शब्द द्यायचा, मुलांनी घरातलं वाक्य करायचं. नुसते अर्थ घोकणाऱ्यांवर त्या उखडतात. "शब्द काय लोणच्यागत बरणीत घालून ठेवायचाय? वापर की!"

एकदा शब्द दिला 'पिणे'. काव्या उठली. तिचा बाप मृत्युंजय यंत्रमागावर कामाला. वर्गात तेलुगू घरची ती एकटीच. खणखणीत आवाजात म्हणाली, "मी रोज पाल पिते."

तेलुगूत दुधाला पालु म्हणतात, हे बाईंना आठवेपर्यंत पोरांनी तिचं नावच पाल ठेवलं होतं. त्या रागावल्या, पोरं गप्प झाली, पण काव्याही गप्प झाली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. आठवडे गेले, तरी तोंड उघडेना.

मग एका शुक्रवारी मृत्युंजय वर्गाच्या दारात आला. "बाई, सोमवारपासून हिला तेलंगणात आजीकडं धाडतो. हितं लेकरू मुकं झालं. तितं तिची भाषा तरी हाय."

 ज्या वाक्यांच्या जोरावर बाई मिरवत होत्या, त्यातल्याच एकानं पोरीची वाचा घालवली होती.

"उद्याच्या दिवस पाठवा की," त्या म्हणाल्या. "आन् मी रोज दूध पिते, हे तुमच्यात कसं म्हणतात? पालीला काय म्हणतात?"

त्यानं सांगितलं. ते पुटपुटत बाई घरी गेल्या. भाजीत दोनदा मीठ पडलं, पीरसाबनं ती मुकाट खाल्ली.

शनिवारी पर्स काखेतच ठेवून त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. "काव्या चुकली नव्हती. तिच्या घरच्या भाषेत ऐका. नेनु रोजू बल्ली तागुतानु!"

धांदलीत शब्दांची अदलाबदल झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. वर्गाला तर काहीच कळलं नाही. काव्या मात्र तोंड दाबून थरथरायला लागली. रडतेय की काय म्हणून बाई धावल्या, तर ती हसत होती.

"बाई, बल्ली पित न्हाईत! बल्ली म्हंजे पाल! पाल भिंतीवर असती. तुमी पाल पिता व्हय?"

सगळा वर्ग बाईंना हसला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'पाल भिंतीवर असती', आणि त्यातलं 'असती' तसंच राहू दिलं. मग चक्क खुर्चीत बसल्या. शाळा सुटल्यावर न्यायला आलेल्या बापाला काव्यानं गेटपासूनच ही गोष्ट सांगायला सुरुवात केली, तीही मराठीत.

सोमवारी हजेरी घेताना काव्याच्या नावापाशी बाई अडखळल्या. मान वर करायचं धाडस होईना.

"हजर!" आवाज आला. "बाई, आज दूध पिलं, का पाल?"