शेवळं, चव न बघता

नवी भाजी दिसली की माझ्या बायकोला राहवायचं नाही. इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पहिल्यांदा झुकिनी आली, त्या दिवशी ती घेऊनच आली.

"ही काकडी की दुधी?" मी विचारलं.

"मलाही माहीत नाही. खाल्ल्यावर कळेल."

तिला कळलं. मला नाही, कारण मी ती तोंडाला लावलीच नाही. केळफूल, हादग्याची फुलं, लाल कोबी, असं काहीही ती आणायची, कुणाला तरी विचारून शिजवायची आणि एकटीच खायची. माझ्यासाठी वेगळी, रोजची भाजी असायची. "एक घास तरी घ्या, विष नाही घातलेलं," असं ती चिडवायची. मी "उद्या बघू" म्हणायचो. तो उद्या मी वीस-बावीस वर्षं पुढे ढकलला.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली आणि रेडिएशनचे शेक सुरू झाले. थोड्याच दिवसांत तिच्या तोंडाची चव गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काहीही करा, पण यांना खायला घाला. वजन फार उतरलं तर शेक मध्येच थांबवावे लागतील, आणि ते बरं नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. तिच्या पोटात किती गेलं, एवढंच.

स्वयंपाक माझ्याकडे आला. वरणभात केला, मेथी केली, भोपळ्याचं भरीत केलं. घास तोंडात घेऊन ती बसून राहायची.

"वाईट झालंय का?"

"तसं नाही हो. मेथी म्हटलं की जीभ मेथीची वाट बघते. आणि येतो ओला पुठ्ठा. त्यापेक्षा कधी न खाल्लेलं काहीतरी द्या. त्याची वाट तरी बघावी लागणार नाही."

आणि खरंच, अनोळखी भाजी तिला जायची. मी चिनी कोबी आणला, मऊ शिजवून दिला. तिने वाटी संपवली आणि म्हणाली, "याची चव अशीच असेल, काय सांगावं?" आम्ही दोघं हसलो. मग मला नादच लागला. ऑफिसातून सुटलो की मंडई, मॉल, जिथे परदेशी भाज्या मिळतात ती दुकानं पालथी घालायचो. तिने न खाल्लेली भाजी शोधणं सोपं नव्हतं. जन्मभर तिने तेच तर केलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी त्र्यंबकेश्वरचा. आमच्या घरी यात्रेकरूंचा राबता, रोजचा नैवेद्य. स्वयंपाक करताना चव बघायची नाही, असा आईचा दंडक होता. मीठ, तिखट सगळं अंदाजाने, वासावर. मीही तसाच शिजवायला लागलो. बायकोने एकदा विचारलं, "अहो, चव तरी बघता का?" मी ऐटीत म्हणालो, "आमच्यात बघत नाहीत."

ते खरं नव्हतं. नैवेद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मला त्या भाज्या खायच्या नव्हत्या, एवढंच. तिचा जीव त्या घासांवर टांगलेला असतानाही माझ्या जिभेचा जुना नखरा सुटला नव्हता, आणि त्याला मी आईच्या सोवळ्याचं नाव दिलं होतं.

जूनमध्ये त्र्यंबक रोडच्या कडेला शेवळं दिसली. जांभळट, लांब कोंबांसारखी रानभाजी, जुड्या बांधलेल्या. बायकोच्या तोंडून नाव ऐकलं होतं, पण तिनेही ती कधी केली नव्हती. मला हर्ष झाला. गाडी चालू ठेवूनच मी विकणारीकडून दोन जुड्या पिशवीत घालून घेतल्या आणि निघालो. घरी येऊन बघतो तर पिशवीत हिरवी, आंबट वासाची बारकी फळंही होती. कच्चे आवळे चुकून आले असतील, असं समजून मी ती ओट्यावर बाजूला ठेवली. शेवळं चिरली, अगदी गाळ होईपर्यंत शिजवली, तिखट घातलं नाही, वरून तूप सोडलं. वास छान येत होता.

तिने दोन घास आवडीने घेतले. तिसऱ्याला तिचा हात गळ्याकडे गेला. मग तिने वाटी खाली ठेवली. आधीच भाजून निघालेला तिचा घसा आतून काट्यांनी भरल्यासारखा झाला होता. पाणी जाईना. ताक जाईना. आवाज बसला.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांचं लक्ष ओट्याकडे गेलं. "अहो भाऊ, ही काकडं अशीच ठेवलीत? ही शेवळ्यांत घालायची असतात. त्याशिवाय शेवळं खाजतात. आतला पिवळा भागही काढून टाकायचा असतो." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही खाल्ली नाहीत का?"

मी एक चमचा जरी जिभेवर ठेवला असता, तरी तिथेच कळलं असतं.

पुढचा आठवडाभर तिच्या पोटात जवळजवळ काहीच गेलं नाही. वजन उतरलं, शेक थांबले. पुन्हा सुरू झाले, पण मधला तो खंड भरून निघाला नाही. डॉक्टर म्हणतात, एका भाजीने असं होत नाही, आजारच तसा आहे. बोलणं जड जातं म्हणून बायकोही लिहून दाखवते, "पुरे आता." मी दोघांचंही ऐकतो.

आता तिच्या नाकातून नळी आहे. दूध, पेज, सगळं त्यातूनच जातं. वजनाबद्दल डॉक्टर हल्ली विचारत नाहीत. परवा तिने खुणेने जवळ बोलावलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "काहीतरी नवीन करा."

"तुला कसं देणार?"

"मला नाही. तुम्ही खा. आणि सांगा."

मी कमळकाकडी आणली. परतली, ताट घेऊन तिच्यासमोर बसलो आणि पहिला घास घेतला.

"छान आहे."

"छान म्हणजे?"

मला शब्द सापडेनात. कधी लागलेच नव्हते. "आधी करकरीत लागते. कच्च्या बटाट्यासारखी नाही, शिंगाड्याच्या जवळची. मग थोडी गोडसर. तोडली की तार सुटते, दोरा ओढल्यासारखी."

"मीठ?"

"कमी पडलंय."

तिने डोळे मिटले. तिच्या गळ्याची हालचाल झाली, काही गिळल्यासारखी. मी दुसरा घास घेतला आणि बोलत राहिलो. आता रोज जेवताना हेच चालतं. माझं पोट कधीच भरलेलं असतं, पण मी घास घेत राहतो, कारण थांबलो की ती डोळे उघडते.